जोंगा पसरणी घाटात बंद पडते, टाकी फुल्ल असली की हमखास

गिरणीवाला_वाई | ९ मार्च, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावतोय, पण अर्धवट लिहिलं की तुम्ही परत दहा प्रश्न विचारणार, म्हणून एकदाच सगळं सांगून टाकतो.

माझी वाईत पिठाची गिरणी आहे, शेजारी हळद-मिरचीचं कांडप. मोटर, पट्टा, बेअरिंग, जात्याला टाकी लावणं ही हातची कामं. पेट्रोल इंजिनातलं मात्र दीड वर्षापूर्वीपर्यंत ओ की ठो कळत नव्हतं. मग नगरच्या एका गृहस्थांकडून जोंगा, म्हणजे मिलिटरीची जुनी जीपसारखी गाडी, घेतली आणि शिक्षण सुरू झालं.

गाडी १९८८ची, जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीतली. मूळचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ३९५६ सीसी, अजून तेच आहे. मिलिटरीच्या लिलावातून सुटल्यावर मी तिसरा मालक. लिलावाचं पत्र आणि आरसी दोन्ही जागेवर, हे बघूनच पैसे दिले. लिटरला चार जाते, लाड केले तर पाच. "ही गाडी आहे की बोअरवेल, नुसतं ओततच राहायचं," असं घरून ऐकून झालंय, तुम्ही परत ऐकवू नका.

आतापर्यंत काय काय केलं ते सांगतो. चारही चाकांचे व्हील सिलिंडर बदलले. मागच्या पाट्यांचे बुश लेथवाल्याकडून पितळी करून घेतले. रेडिएटर आतून रॉडिंग करून आणला. गेल्या पावसाळ्यात हेड उतरवलं, व्हॉल्व्ह घासून घेतले, आणि गॅस्केट मिळायला उशीर झाला म्हणून ते काम पार पौषापर्यंत रेंगाळलं. मधल्या काळात दिवाळीला पत्राकाम आणि रंग उरकून घेतला. रंगाचं मला फार वाईट वाटलं. नगरकरांनी गाडी मिलिटरी हिरवी ठेवली होती आणि मलाही तीच हवी होती. पण पासिंगच्या आधी एका जाणकाराने सांगितलं, की १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२१वा नियम आहे, ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाडीला, दुसऱ्या कुणाला नाही. मी नियम काढून वाचला, खरंच आहे. मग मातकट तपकिरी करून घेतली. गव्हाच्या पोत्याला चाकं लावल्यासारखी दिसते. पेंटर मात्र मन लावून काम करणारा, बंपरपासून टाकीच्या झाकणापर्यंत तीन-तीन हात मारलेत.

आता मूळ दुखणं. संक्रांतीनंतर गाडी पहिल्यांदा पाचगणीला काढली. पसरणी सोडून घाट लागला, निम्म्यावर गेलो आणि बुवासाहेबांच्या देवळाच्या अलीकडे इंजिन खोकायला लागलं. ॲक्सिलरेटर दाबला की जास्तच गुदमरतं. दोन वळणं तशीच काढली आणि बंद. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरत आली. वैतागून कठड्यावर बसलो, वीस-पंचवीस मिनिटांनी सहज चावी फिरवली तर पहिल्या झटक्यात चालू! वर दीड-दोन किलोमीटर गेलो की परत तेच.

तेव्हापासून असं सात वेळा झालंय. सपाटीला, म्हणजे वाई ते पाचवड आणि परत, कधीच नाही. गावात फिरवली तरी नाही. पाण्याचा काटा जागेवर असतो, उकळत नाही. आणि एक विचित्र गोष्ट, हसू नका: घाटाच्या आधी टाकी फुल्ल केली की लवकर बंद पडते. पाव टाकीवर एकदा थेट पाचगणीच्या बाजारापर्यंत पोचलो होतो. मेकॅनिकला हे सांगितलं तर तो म्हणाला योगायोग.

आत्तापर्यंत बदललेलं सामान: इग्निशन कॉइल, सहाही प्लग, एसी पंपाचं (टाकीतून पेट्रोल ओढणारा इंजिनवरचा पंप) किट, पेट्रोल फिल्टर. कार्बोरेटर दोनदा खोलून धुतला. अकरा हजार गेले आणि घाट अजून चढलेला नाही. पुढे काय बदलू?

डिझेल_दादा | ९ मार्च, रात्री ११.०५

एकच औषध. ते पेट्रोल इंजिन काढा आणि डिझेल बसवा. आमच्याकडे तिघांनी केलंय, लिटरला दहा-अकरा देतात. अकरा हजार पंपात ओतण्यापेक्षा तेवढे इंजिनात घाला.

गिरणीवाला_वाई | १० मार्च, सकाळी ७.१५

दादा, सल्ला पोचला. हा सल्ला मला गाडी घेतल्यापासून दूधवाल्यापासून सगळ्यांनी दिलाय. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी, मग आरसीवर नोंद, इन्शुरन्सला कळवणं. तेही करीन एक वेळ. पण निवांत चालताना या सहा सिलिंडरचा जो आवाज येतो ना, त्यासाठीच तर ही घेतली. गिरणीत दिवसभर धडधड ऐकतोच की.

कार्ब_पुणे | १० मार्च, दुपारी १.३०

गिरणीवाले, लक्षणं सरळ व्हेपर लॉकची वाटतात. एसी पंप इंजिनच्या अंगाला असतो आणि टाकीतून पेट्रोल ओढत असतो. ओढीच्या बाजूला दाब कमी, वरून इंजिनची धग, त्यामुळे पाइपातच पेट्रोलची वाफ होते. पंपाला वाफ ढकलता येत नाही, कार्बोरेटर कोरडा. थंड झालं की पुन्हा चालू. घाटात गाडी हळू, वारा कमी, इंजिन जोरावर, म्हणून घाटातच. उंचीवर पेट्रोल लवकर उकळतं हेही आहेच.

करून बघायचं ते असं. पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळून गेला असेल तर लांबून फिरवा, मध्ये पत्र्याचा आडोसा द्या. कार्बोरेटरखाली जाड बेकेलाइटचा स्पेसर आहे का बघा, कुणीतरी काढून नुसतं गॅस्केट बसवलेलं असतं. आणि बंद पडल्यावर पंपावर ओलं फडकं टाका. पाच मिनिटांत चालू झाली तर रोग पक्का. (पाइपाला लाकडी चिमटे लावतात ते मी पण लावले होते. कपडे वाळत घालायला चिमटे कमी पडले, बाकी फरक नाही.)

रबरी होज तर बदलाच. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं, आतून पापुद्रे सुटतात. बाहेरून होज छान दिसते आणि आत भोक अर्धं झालेलं असतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांची होज मिळते ती घ्या, महाग आहे पण टिकते. शेवटचा उपाय टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप. मागून ढकललं की वाफेची भानगड कमी होते. फक्त इंजिन बंद पडल्यावर पंप आपोआप थांबेल असं वायरिंग करून घ्या, नाहीतर अपघातात पेट्रोल ओततच राहील.

फक्त ते टाकी फुल्लचं कोडं मला सुटत नाहीये. व्हेपर लॉकमध्ये उलट पेट्रोल कमी असताना त्रास जास्त व्हायला हवा.

हवालदार_ईएमई | १० मार्च, रात्री ९.५०

राम राम. सातारा जिल्हा, अपशिंगे मिलिटरी. व्हेईकल मेकॅनिक म्हणून भरती झालो, सिकंदराबादला ट्रेनिंग, नंतर निम्मी नोकरी एलएडीत, म्हणजे युनिटच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या तुकडीत, गेली. जोंगा आणि निस्सान वन-टन, दोन्हींना एकच इंजिन. किती उघडली ते मोजलं नाही. जोंगाचा शेवटचा लॉट १९९९ला निघाला, त्यानंतरही युनिटात त्या बरीच वर्षं होत्या.

पुण्याच्या भाऊंनी लिहिलंय त्यात चूक काही नाही. पण गिरणीवाले, तुमच्या लिहिण्यात तीन गोष्टी सुट्ट्या पडल्यात, त्या मी एका दोरीत ओवतो. एक, दिवाळीला रंग झाला आणि त्रास रंगानंतरच्या पहिल्याच घाटाला आला. मध्ये हेड उतरवलेलं होतं, म्हणून तुम्ही सगळा आळ इंजिनावर घेतला. दोन, टाकी भरली की लवकर बंद. तीन, पेंटरने झाकणावर पण तीन हात मारले.

तेलाचा १५ किलोचा डबा उघडता ना? एकच भोक पाडलं तर तेल गुडगुड करून अडकतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं पाडलं की सरळ धार. टाकीचं तसंच आहे राव. पेट्रोल बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला पाहिजे. जुन्या गाडीला ही हवा बहुतेक झाकणातल्या बारीक भोकातून येते. ते बुजलं की टाकीत ओढ तयार होते आणि एसी पंपाला पेट्रोल उपसता येईना होतं. डायाफ्रामचाच पंप तो, त्याची ओढ ती केवढी.

आता टाकी फुल्ल का, ते बघा. भरलेल्या टाकीत वर हवेला जागा दोन-तीन लिटरची. त्यातून दोन लिटर पेट्रोल गेलं की तेवढ्याच हवेला जवळजवळ दुप्पट जागा व्यापावी लागते, दाब धाडकन उतरतो. पाव टाकीवर हवा भरपूर, दोन लिटर गेल्याचा पत्ताही लागत नाही. सपाटीला पेट्रोल कमी जातं आणि तुम्ही पाचवडला थांबून चहा घेत असणार. तेवढ्यात झाकणाच्या रबरातून हवा हळूहळू आत शिरते. घाटात वीस मिनिटं बसलात तेव्हा तेच झालं. तुम्हाला वाटलं गाडी थंड झाली. आणि टाकीतला दाब उतरला की पाइपातलं पेट्रोल उकळायलाही सोपं जातं, म्हणजे पुण्याच्या भाऊंचा रोग याच रोगाच्या पोटी येऊ शकतो.

पण हे सगळं मी खाटेवर बसून बोलतोय. गाडी बंद पडेल त्याच जागी तपासायचं, गॅरेजला आणून नाही. गॅरेजला ती निरोगीच असते. मुद्दाम टाकी फुल्ल करा आणि घाटात चला. सोबत माणूस न्या, एक जादा प्लग, लाकडी गुटके आणि आग विझवायचा सिलिंडर. बंद पडली की गाडी कडेला, गुटके चाकामागे, आणि सेल्फला हात लावायच्या आधी टाकीचं झाकण हळूच सैल करा, कान जवळ ठेवून. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर गाठोडं सापडलं.

आवाज नाही आला तर कार्बोरेटरच्या तोंडात बघत हाताने थ्रॉटल ओढा. आत पिचकारी उडाली तर पेट्रोल पोचतंय. मग झाकण आणि एअर क्लीनर परत लावा, पेट्रोलचा वास जाऊ द्या, आणि जादा प्लग वायरीला लावून इंजिनच्या लोखंडाला टेकवा. सेल्फ दुसऱ्याने मारायचा. ठिणगी निळी आणि टक टक आवाजाची पाहिजे. पिवळी, आळशी असली तर कॉइलच्या आधी डेल्कोतला (प्लगांना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) कंडेन्सर बदला. शंभर-दोनशे रुपयांचं सामान आहे, गरम झालं की दगा देतं आणि गार झालं की साळसूद होतं.

पेट्रोल की करंट, एवढं त्या जागी ठरलं असतं तर तुमचे अकरा हजार वाचले असते. माझे उस्ताद याच्यावर कानफटात द्यायचे.

गिरणीवाला_वाई | १० मार्च, रात्री १०.३०

हवालदार साहेब, मी आत्ता टॉर्च घेऊन झाकण बघून आलो. नगरकरांनी कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचं बसवलेलं आहे, मूळचं नाही. वरून एकसंध तपकिरी. भोक असलंच तर मला दिसलं नाही. तरी हात लावत नाही, रविवारी तुम्ही सांगितलं तसंच करतो. पाचवडच्या चहाचं तुम्हाला कुणी सांगितलं?

गिरणीवाला_वाई | १५ मार्च, संध्याकाळी ६.४०

गेलो. भाच्याला घेतलं, टाकी गळ्यापर्यंत भरली (पंपावरचा पोरगा म्हणाला, "काका, लग्नाला निघालाय का?"). साडेअकराला पसरणी सोडली. देवळाच्या बरंच अलीकडे, तिसऱ्या की चौथ्या वळणावर खोकली आणि दोन मिनिटांत बंद.

गुटके लावले. भाच्याला म्हटलं, तोंड बंद ठेव. कान टाकीला लावून झाकण अर्धा आटा फिरवलं.

मंडळी, कुकरची शिट्टी उलटी वाजली तर कशी वाजेल? तशी! स्स्स करून आत ओढ, चांगली चार-पाच सेकंद. भाचा लांब उभा होता, त्यालाही ऐकू गेली. झाकण नुसतं ठेवलं, आवळलं नाही, फडकं गुंडाळलं म्हणजे पेट्रोल सांडायला नको. सेल्फ मारला, आधी कार्बोरेटर भरायला थोडा वेळ घेतला आणि मग सुरू. कठड्यावर वीस मिनिटं बसायचं कामच पडलं नाही. तिथेच गाडी वळवून खाली आणली, सैल झाकणाने घाट चढायचा धीर झाला नाही.

घरी झाकण रॉकेलमध्ये टाकून घासलं. आतल्या बाजूला पत्र्याची चकती आहे, तिच्याखाली भोक. वरच्या तोंडावर आधी पुटिंग भरलेलं आणि त्यावर तीन हात रंग. पेंटर बिचारा, त्याला तो खड्डा दिसला, त्याने बुजवला. गोधडीच्या सुईने मोकळं केलं. फुंकर आरपार जाते. होजही कापून बघितली, आत पापुद्रे नव्हते, पण दाबली की दाबलेलीच राहते. बदलून टाकली, इंजेक्शनवाली.

गिरणीवाला_वाई | २९ मार्च, रात्री ९.१०

पुढचं लिहायचं राहिलं. झाकण मोकळं केल्यावर तीनदा पाचगणी केली, तिन्ही वेळा टाकी फुल्ल, घाटात एकदाही हूं की चूं नाही. मी इथे विजयाची पोस्ट टाकणार, तेवढ्यात काल चौथ्या फेरीला दुपारी अडीच वाजता पाचगणीच्या बाजारात, गर्दीत, उभ्या उभ्या बंद. शनिवारचे मुंबईकर मागे हॉर्न मारतायत आणि मी गव्हाच्या पोत्यात बसलेलो.

पूर्वीचा मी असतो तर पुन्हा कार्बोरेटर खोलला असता. ढकलत कडेला घेतली. झाकण: आवाज नाही. कार्बोरेटर: पिचकारी झकास. सगळं परत बंद करून प्लग टेकवला: ठिणगी पिवळी, मेलेली, मधूनच गायब. नवी कॉइल, नवे प्लग, आणि कंडेन्सर मात्र मिलिटरीतला की नगरचा देव जाणे, त्याला कुणी हातच लावला नव्हता. हवालदार साहेब, तुमची पोस्ट वाचून एक आणून डॅशबोर्डात टाकला होता. एक स्क्रू आणि एक वायर. भाच्याने मोबाइलचा उजेड धरला. डेल्कोतल्या पॉइंटवर (करंट जोडतो-तोडतो तो) पण खड्डा पडलेला दिसला, तिथल्या तिथे पॉलिशपेपर मारला. गॅप बसवायला फिलर गेज नव्हतं, अंदाजाने लावून घरी आलो आणि आज मोजून अर्ध्या मिलिमीटरवर आणला.

म्हणजे दोन दुखणी होती. घाटातली सातही वेळची तक्रार झाकणाचीच होती की एखादी कंडेन्सरचीही, ते आता कळायला मार्ग नाही.

कार्ब_पुणे | २९ मार्च, रात्री ९.४५

टाकी फुल्लचं कोडं सुटलं म्हणून मला आज झोप लागेल. पॉइंटला पॉलिशपेपर तात्पुरता ठीक, पण नवा सेट टाकाच. आणि डेल्कोच्या कॅमला ग्रीसचं बोट लावा, अगदी पुसट, नाहीतर पॉइंटची टाच झिजून गॅप महिन्याभरात बंद होईल.

डिझेल_दादा | २९ मार्च, रात्री १०.००

डिझेलला कंडेन्सर नसतो. एवढंच बोलतो.

हवालदार_ईएमई | ३० मार्च, सकाळी ५.३०

शाबास. एक वही करा आता. आमच्याकडे प्रत्येक गाडीची कार डायरी असायची, सकाळी फर्स्ट परेडला पाणी, ऑइल, हवा, पट्टा, गळती बघायची आणि काही सापडलं की लिहायचं. रंग कधी मारला तेसुद्धा. पहिल्या पानावर झाकण लिहा, दुसऱ्यावर कंडेन्सर.

आणि किंगपिनचं, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचं, काय केलंय? तुमच्या यादीत कुठे दिसलं नाही. पुढचं चाक जॅकवर घ्या, वर-खाली धरून हलवा, किती हलतं ते कळवा. घाट उतरताना स्टिअरिंग थरथरत असणार, तुम्ही फक्त लिहिलं नाहीत.

गिरणीवाला_वाई | ३० मार्च, सकाळी ६.०५

थरथरतं. आजची गिरणी दुपारनंतर उघडतो.